जंतू मोठा की जमीन? कचराळीच्या बाकावरून

ठाण्यातल्या कचराळी तलावाला सकाळी चार फेऱ्या मारायच्या आणि पाचवी फेरी बाकावर बसून तोंडाने मारायची, असा आमचा सहा-सात जणांचा नियम आहे. त्यात एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले, रोज दुधीचा रस पिणारे, सत्तरी ओलांडली तरी माझ्यापेक्षा भरभर चालणारे, म्हणजे तब्येतीवरून त्यांच्याशी वाद घालायची माझी लायकी नाही हे आधीच कबूल करून टाकते. तर या काकांना वर्षभरापूर्वी टेरेन थिअरी सापडली आणि तेव्हापासून आमच्या पाचव्या फेरीला दुसरा विषयच नाही.

थिअरी अशी. जंतूंमुळे रोग होतात हे सगळं लुई पाश्चरने पसरवलेलं, खरा माणूस त्याच्याच काळातला आंत्वान बेशां, त्याचं नाव मुद्दाम पुसलं गेलं. शरीर म्हणजे जमीन. ती कसदार असेल तर कुठलाही जंतू तुमचं काही वाकडं करू शकत नाही, ती नासली की जंतू आपोआप दिसायला लागतात, आणि बेशां तर म्हणायचा की ते बाहेरून येतच नाहीत, शरीरातल्याच बारीक कणांतून तयार होतात. काकांचं आवडतं वाक्य, "उकिरड्यावर माशा दिसतात म्हणून उकिरडा माशांनी केला म्हणाल का?" आणि हुकमाचा पत्ता म्हणजे पाश्चर स्वतःच मरताना म्हणाला होता की जंतू काही नाही, जमीन हेच सगळं.

या मरतानाच्या वाक्याला भरवशाचा काही पुरावा नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं, तो खोडायला थोडाच येतोय. पण गंमत अशी की काकांना पाश्चरच्याच तोंडून जमिनीची बाजू ऐकायची असेल तर त्यासाठी त्याला मरणशय्येवर न्यायची गरज नाही. कोंबडीला एरवी अँथ्रॅक्स, म्हणजे गुरांना मारणारा तो रोग, होत नाही, तिच्या अंगातली उष्णता आपल्यापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त असते. 1878 च्या सुमारास पाश्चरने एका कोंबडीला अँथ्रॅक्सचे जंतू टोचले आणि तिला थंड पाण्यात उभं केलं, ती मेली. दुसरी नुसतीच पाण्यात उभी केली, काही न टोचता, ती जगली. तिसरीला टोचलं, पाण्यात ठेवलं, ती मलूल झाल्यावर बाहेर काढून ऊब दिली, तीही सावरली. आता सांगा, जमीन बदलली की बी रुजतं हे याहून चांगलं कुणी दाखवलंय? फक्त काका दुसऱ्या कोंबडीला विसरतात. नुसत्या थंड पाण्याने अँथ्रॅक्स होत नाही, बी लागतंच.

मग काका आयुर्वेदावर येतात. चरकसंहितेत व्याधिक्षमत्व हा शब्द आहे, सगळी शरीरं रोगाला सारखी तोंड देऊ शकत नाहीत असं तिथे म्हटलंय, हे त्यांचं बरोबर आहे, आणि आज ज्याला आपण उठताबसता इम्युनिटी म्हणतो त्याच्या किती आधीचं आहे ते. पण सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात औपसर्गिक रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात असंही सांगितलंय, आणि कसे जातात त्याची यादीच दिलीय, अंगाला अंग लागणं, श्वास, एका ताटात जेवणं, एका अंथरुणावर झोपणं, दुसऱ्याचे कपडे वापरणं. कुठले रोग? कुष्ठ, ज्वर, डोळे येणं आणि शोष. शोष म्हणजे माणूस वाळत जातो तो, ज्याला आपण क्षय म्हणतो. सूक्ष्मदर्शक नव्हता, बॅक्टेरिया हा शब्द नव्हता, पण एका खोलीत झोपणाऱ्यांना हे लागतं हे त्या लोकांनी पाहिलं होतं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "तो नंतरचा प्रक्षेप असेल." झालं.

टेरेनवाल्यांचा मला आवडणारा माणूस बेशां नाहीच, तो आहे म्युनिकचा आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर. याची जमीन तर अक्षरशः जमीन होती. कॉलऱ्याचा जंतू एकटा काही करत नाही, एखाद्या गावाची माती आणि तिच्यातलं भूजल ठरावीक अवस्थेत असेल तरच साथ येते असं त्याचं म्हणणं. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू इजिप्तमध्ये आणि मग आपल्या कलकत्त्यात येऊन पक्का केला होता 1883-84 मध्ये. पेटेनकोफरला ते पटेना. मग 7 ऑक्टोबर 1892 ला, वयाच्या 73 व्या वर्षी, या म्हाताऱ्याने कॉलऱ्याचे जिवंत जंतू असलेलं द्रावण सरळ पिऊन टाकलं, वर पोटातलं आम्ल मरावं म्हणून सोडासुद्धा घेतला, म्हणजे कुणी नंतर म्हणायला नको की आम्लाने वाचवलं. काही दिवस पोट बिघडलं, बस. म्हातारा जगला, आणि स्वतःच्या मते जिंकला. काही दिवसांनी त्याच्या सहकाऱ्याने, एमेरिखने, तेच केलं, तो जास्त आजारी पडला पण वाचला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने साडेआठ हजारांच्या आसपास माणसं मेली होती. हॅम्बुर्गला लागूनच आल्टोना, दोन्ही गावं एल्ब नदीचंच पाणी पिणारी, फरक इतकाच की आल्टोनात ते पाणी वाळूतून गाळून द्यायचे आणि हॅम्बुर्गात तसंच. दोघांची हद्द जिथे एका रस्त्यावरून जायची तिथे एका बाजूला मयत आणि समोरच्या बाजूला जवळपास काही नाही. माती तीच, हवा तीच, लोकही एकाच थरातले. हद्दीच्या दोन्ही बाजूंना जमीन एकच होती, नळ वेगळे होते. पेटेनकोफरने त्या पेल्यात काय सिद्ध केलं मग? तर हेच की एका माणसाने एक पेला पिऊन काही सिद्ध होत नाही. (बरं, याच हट्टी म्हाताऱ्याने जन्मभर म्युनिकच्या मागे लागून तिथे स्वच्छ पाणी आणि गटारं आणवली, चुकीच्या कारणासाठी इतकं बरोबर काम फार थोड्यांच्या हातून झालंय.) दुसरा पेला 1984 मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शलने प्यायला, पोटातल्या हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूचा, त्याला थोड्याच दिवसांत जठराला सूज आली आणि 2005 मध्ये रॉबिन वॉरनबरोबर नोबेल मिळालं, पण तोही पेला खरा ठरला तो पुढच्या असंख्य पेशंट्सच्या अल्सरमुळे. काकांची ठणठणीत तब्येत हाही एक पेलाच आहे. हे मी त्यांना अजून म्हटलेलं नाही.

आता माझ्याकडचं. आमच्याकडे कामाला येतात त्या ताई वागळे इस्टेटच्या बाजूला राहतात. नक्की गल्ली सांगत नाही आणि एक-दोन खुणा बदलल्यात, का ते पुढे कळेल. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, तिला एक खिडकी, खिडकी उघडली की हात लांब केला तर समोरच्या बिल्डिंगची भिंत लागते. दुपारी बाराला गेले होते तरी ट्यूब चालू होती. ग्रिलमध्ये कपडे वाळत, म्हणजे वाळत कसले, दमट वास मारत, आत पाच माणसं, त्यातली मुलगी सोळा वर्षांची, दोन महिने खोकत होती. जवळच्या एका डॉक्टरने तिला सिरप आणि पाच-पाच दिवसांची अँटिबायोटिक्स आलटून पालटून दिली, दोन महिने, एकदाही बेडका तपासायला सांगितलं नाही. ही जंतूवाल्यांची बाजू बरं का, जंतू आहे म्हणून मारा, पण कुठला जंतू ते बघायची तसदी नको, आणि आपणही "डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या" म्हणणारेच. मग ताईंच्या दुसऱ्या एका घरच्या मॅडमनी सांगितलं की शरीरात विष साठलंय, पोरीचं अन्न बंद करा, आठवडाभर फक्त फळांचा रस. मुलीचं वजन तेव्हा 36 किलो होतं. छत्तीस. तिने तीन दिवस केलं, चौथ्या दिवशी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली, आणि त्यामुळे का होईना म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात पोचली, तिथे थुंकीत टीबी निघाला.

36 किलोच्या पोरीला जमीन शुद्ध करायला उपाशी ठेवायचं. जमीन जमीन करणाऱ्यांना जमिनीत काय कमी आहे हेसुद्धा बघता येऊ नये? त्या मॅडम वाईट नाहीत, त्यांनी रसासाठी सफरचंदंही दिली होती. पण त्यांच्या डोक्यातली जमीन म्हणजे त्यांची स्वतःची जमीन, जिथे सगळं जास्तीचं साठलंय आणि कमी करणं हेच औषध आहे.

टीबी हा या वादातला सगळ्यात अवघड रोग आहे म्हणून त्याच्यापाशी जरा थांबते. कॉखने 24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला, त्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांमध्ये हा जंतू शिरलेला आहे आणि त्यातल्या पाच ते दहा टक्क्यांनाच जन्मात कधीतरी टीबी होतो. बाकीच्यांच्यात तो झोपून राहतो. म्हणजे काकांचा प्रश्न इथे चोख आहे, जंतू इतक्यांत, मग आजारी हीच का? इंग्लंडमध्ये टीबीचे मृत्यू स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीचं पहिलं औषध यायच्या आधीची कित्येक दशकं कमी होत होते हेही खरं. आणि आपल्याकडे झारखंडात झालेला अभ्यास, 2023 मध्ये छापून आला, टीबी झालेल्या माणसाच्या घरच्यांना महिन्याला तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तर ज्यांना हे मिळालं त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं, आणि फुप्फुसाचा, म्हणजे पसरणारा टीबी 48 टक्क्यांनी. तांदूळ आणि तूरडाळ! यात ना डिटॉक्स ना काढा, वरणभात आहे. टेरेन थिअरीचा इतका तगडा पुरावा जगात दुसरीकडे शोधावा लागेल, पण टेरेनवाल्यांच्या तोंडी झारखंडाचं नाव मी एकदाही ऐकलं नाही, बेशांचं शंभरदा.

आता दुसरी बाजू, तीही आपल्याच देशातली. 1956 मध्ये मद्रासमध्ये टीबीच्या पेशंट्सचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये ठेवलं, चांगलं जेवण, आराम, मोकळी हवा. दुसऱ्या गटाला त्यांच्याच घरी, गर्दीच्या खोल्यांत, तुटपुंज्या जेवणावर, बरेचसे लवकरच कामालाही लागलेले. औषध दोन्हीकडे तेच, वर्षभर. वर्षअखेरीला दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. 1959 मध्ये हे छापून आलं आणि जगभरातली सॅनिटोरियमं बंद होण्याला त्याने जोर मिळाला. म्हणजे इतकी वाईट जमीन, आणि गोळ्यांनी ती जवळपास निष्प्रभ केली.

मला वाटतं आपला सगळा घोळ इथे आहे. टीबी कुणाला होतो हा एक प्रश्न आणि झालेला टीबी कशाने जातो हा दुसरा, आणि काका पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात. होतो कुणाला, तर अर्धपोटी, अंधाऱ्या खोलीत, दाटीवाटीने झोपणाऱ्याला. जातो कशाने, तर सहा महिने रोज न चुकता घेतलेल्या गोळ्यांनी. हे इतकं स्वच्छ दोन फळ्यांत पडत नाही हेही मान्य, झारखंडातच दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात मृत्यू बरेच कमी झाले, म्हणजे बरं होतानाही डाळ लागतेच. पण डाळ गोळीच्या जागी नाही, गोळीच्या बरोबर. गोळी सोडून डाळ खाणारा मरतो, डाळीशिवाय गोळी घेणारा बहुतेक वेळा वाचतो, पण त्याच खोलीतल्या पुढच्याला टीबी होतो.

आणि काही रोगांत तर जमिनीला विचारतच नाही कुणी. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की दुधीवाला काय आणि वडापाववाला काय, जवळपास कुणी वाचत नाही. परवा आमच्या ग्रुपमधल्या एकांना तलावाच्या गेटबाहेर कुत्रं चावलं तर त्यांना रिक्षात घालून इंजेक्शनला न्यायला सगळ्यात पुढे काकाच होते. मी काही बोलले नाही, त्यांचा जीव कळवळला होता आणि तेच महत्त्वाचं होतं, पण ती लस ज्या माणसाच्या 1885 च्या कामातून निघाली त्याचं, पाश्चरचं, नाव ओठावर आलं होतं.

मला खरी चीड येते ती या थिअरीच्या नैतिक बाजूची. जमीन चांगली असेल तर रोग होत नाही म्हणजे रोग झाला तर तुझी जमीन वाईट, तू नीट खाल्लं नाहीस, तुझे विचार निगेटिव्ह. 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना, एका आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात पोचवल्यानंतर. आता काय म्हणायचं, सावित्रीबाईंची जमीन कमी पडली? त्यांना प्लेग झाला कारण त्या प्लेगपाशी गेल्या. हे साधं वाक्य म्हणायला जंतू मानावा लागतो.

पण त्याच प्लेगने जमिनीच्या नावाखाली सरकार काय करतं तेही दाखवलंय. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग सुरू झाला, जंतू दोन वर्षांपूर्वीच हाँगकाँगला यर्सिनने शोधलेला, हाफकिनने 10 जानेवारी 1897 ला मुंबईत आपण बनवलेली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली, तरी सगळा भर घाण, कोंदट चाळी, दमट जमीन यांच्यावर. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्त्या पाडून हवा खेळती करायची म्हणून, आणि पाडलेल्या घरांतले गरीब दुसऱ्या कुठल्यातरी तितक्याच दाट चाळीत जाऊन कोंबले गेले. उंदराच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर कराचीत सांगत होता तेही 1898 मध्येच, त्याचं ऐकायला लोकांनी पुढे बरीच वर्षं घेतली. म्हणून जमीन सुधारा म्हणणाऱ्यांना मी विचारते, कुणाची, आणि तिथे राहणाऱ्याला उठवून की ठेवून? आज वागळेत क्लस्टरच्या नावाने बिल्डिंगी पाडायच्या-बांधायच्या चर्चा चालल्यात, त्यात दोन इमारतींत अंतर किती सोडणार हा मला टीबीचा प्रश्न वाटतो, पण टीबीच्या भाषणात तो येत नाही आणि टॉवरच्या जाहिरातीत टीबी येत नाही.

काकांची जमीन पोटापासून सुरू होते आणि पोटाशीच संपते. खिडकी त्यांच्या थिअरीत नाही, पगार नाही, रेशन नाही. तिकडे सरकारी बाजूला निदान टीबी पेशंटच्या खात्यात पोषणाचे पैसे जमा होतात, 2018 पासून महिन्याला 500 होते, 2024 च्या नोव्हेंबरपासून 1000 केले, म्हणजे दिवसाचे तेहतीस रुपये, दोन अंडी आणि कपभर दूध. जमीन मानली म्हणायची, पण तेहतीस रुपयांइतकी. आणि घरातल्या उरलेल्या चौघांना, ज्यांच्यासाठी झारखंडात तूरडाळ कामी आली, त्यांना त्यात काही नाही.

मुलीला रोज तीन गोळ्या होत्या, उपाशीपोटी. पहिल्या दिवशी लघवी लालसर झाली तेव्हा ताई मला फोनवर रडायला लागल्या, रक्त जातंय म्हणून, तो गोळीचा रंग असतो हे कुणी सांगितलं नव्हतं की सांगितलेलं डोक्यात शिरलं नव्हतं कुणास ठाऊक. घरातल्यांची तपासणी झाली. मी शेंगदाण्याचे लाडू द्यायचे, दुसरं काय करणार, खिडकी तर देता येत नाही. सहा महिने झाले, वजन 42 वर गेलं, खोकला गेला. आता हे सगळं मी बाकावर सांगितलं असतं तर वाद तिथेच मिटला असता. पण पहिल्याच आठवड्यात ताईंनी माझा हात धरून सांगितलं होतं, "वहिनी, तुमच्या बिल्डिंगीत कुणाला टीबी म्हणू नका हं. अशक्तपणा आहे म्हणा. पाच घरं आहेत माझी." जंतू म्हटलं की कामं जातात, पुढे पोरीचं लग्नही अडतं. अशक्तपणा म्हटलं की लोक लाडू देतात.

परवा चौथ्या फेरीला काका माझ्या बरोबरीने आले. त्यांच्याकडेही त्याच ताई काम करतात.

"त्या मध्ये महिनाभर खाडे करत होत्या, काय झालं होतं हो घरी?"

"मुलगी आजारी होती."

"काय झालं होतं?"

मी तलावाकडे बघितलं. "अशक्तपणा."

"बघा," काका एकदम खूश झाले, "मी काय सांगतोय वर्षभर!"